वच्छीनं सांगितलेला पिक्चर

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
९ डिसेंबर २०२४

वच्छे,

आधी जय भीम घे, मग बूड टेकून बस, कारण खबर मोठी हाय. फोनवर सांगितली असती, पण तू फोनवर नुसती "आँ? आँ?" करतीस आन् मी इकडं वरडून वरडून गल्लीला बातम्या देते. मागल्या खेपेला माझ्या गुडघ्याचं दुखणं समद्या शेजाऱ्यांना कळलं, तुला तेवढं नाय कळलं. म्हणून हा कागद. चौथीपर्यंतचं अक्षर हाय, सांभाळून घे.

तर जानेवारीत इथं शिनेमाचा महोत्सव भरतोय. देशोदेशीचे पिक्चर येणार, शेवटी बक्षीस देणार. एक बक्षीस मोठ्या जाणकारांचं आन् एक प्रेक्षकांचं. प्रेक्षकांच्या बक्षिसाला पाच साधी माणसं परीक्षक म्हणून निवडलीत, आन् त्या पाचात एक कोण? तुझी लीली! हसू नको. आमच्या मेघानं, धम्मपालच्या पोरीनं, मला न विचारता नाव दिलं. या बाईला परीक्षक का करावं, असं अर्जात विचारलं होतं. पोरीनं लिहिलं, "पिक्चर संपल्यावर माझी आजी आठवडाभर त्यातल्या माणसांना शिव्या घालते." तेवढ्यावर निवडलं म्हणे.

धम्मपाल म्हणला, "आई, तुला इंग्लिश येत नाय, परीक्षक कसली होतीस?" मी म्हणलं, "तुझ्यासाठी पोरगी बघायला गेले तवा बी मला इंग्लिश येत नव्हतं. सून वाईट निवडली का?" रूपा आतून एवढी हसली की दूध उतू गेलं.

आता बक्षिसाबद्दल माझं म्हणणं तुला ठाऊक हाय. टीव्हीवर दर साली ते बक्षीस-वाटप दाखवतात, मी शेवटपर्यंत बघते, झगमग कपडे बी बघते, पण निकाल मला पटत नाय. जो दारू पिऊन भिंतीवर डोकं आपटतो त्याला बक्षीस. जी केस सोडून रडती तिला बक्षीस. आन् जिनं पिक्चरभर मुकाट्यानं सगळ्यांना वाढलं, तिचं नाव बी कुणी घेत नाय. मी म्हणते, उपाशी पोटानं तो डोकं तरी आपटला असता का? माझी पारख येगळी. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना त्यातलं माणूस माझ्या शेजारी येऊन बसलं, तर पिक्चर पास. नाय बसलं, तर नापास, मग त्याला किती का सोन्याच्या बाहुल्या मिळंनात.

आता कामाचं. परीक्षकाला संगं एक माणूस नेता येतं. मी मेघाला सांगून टाकलं, माझं माणूस ठरलेलं हाय, देवगाव रंगारीला असतं, शेरडं राखतं आन् तोंडानं फटकळ हाय. तर महोत्सवाचे दिवस माझ्याकडं राहायला ये. नवी गोधडी तुझ्यासाठी काढून ठेवलीय.

तुझी लीला


देवगाव रंगारी
१६ डिसेंबर

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

लीले,

कागद पावला. जीव हरखला. तू परीक्षक म्हंजी आता त्या पिक्चरवाल्यांचं काय खरं नाय.

मला मात्र जमायचं नाय. दोन शेळ्या व्यायला झाल्यात. सून शीला, तिची कंबर धरलीय. थंडी बी लई हाय. तू मेघाला ने संगं, पोरगी हुशार हाय. काय काय बघितलं ते मग लिही.

वच्छला


उस्मानपुरा
२० डिसेंबर

वच्छे,

जय भीम. कंबर शीलाची धरलीय आन् घरात तू बसायचं, हा कुठला न्याय? मला सगळं कळलं. सुनेला तुझं येणं खपत नाय. शेरडं कोण बघंल, स्वयंपाक कोण करंल, हेच ना? तिला माझा निरोप दे की लीलामावशी स्वतः एसटीनं येऊन दोन शब्द सुनावणार हाय. दोन-तीन सालांपासून बघते, माझ्याकडं आलीस तरी पिक्चरचं नाव काढत नायस. पूर्वी तूच मला ओढून न्यायचीस.

परीक्षकांची पहिली बैठक झाली. चहा-बिस्किटं होती, बिस्किटं बरी होती. एक शिवशंकर सर हायत, रिटायर मास्तर, पिक्चरवर पुस्तकं वाचलेला माणूस. दुसरे बन्सीभाऊ, शहागंजात कापडाचं दुकान. ते म्हणले, "बाई, मी आजपर्यंत एक बी पिक्चर शेवटपर्यंत जागा राहून बघितला नाय, मला कशाला घेतलं?" आणखी दोन तरुण पोरं हायत, ती मोबाईलमधून मान वर काढतील तवा नावं विचारीन.

सरांनी मला विचारलं, "लीलाबाई, तुमचा सगळ्यात आवडता पिक्चर कोणता?" आता आली का पंचाईत! मला नावं कुठं ध्यानात राहतात? मी म्हणलं, "सर, ज्यात सासू शेवटाला सुनेच्या पाया पडायला वाकती आन् सून तिला मधीच धरती, तो. आन् ज्यात भाऊ बहिणीसाठी नदीतून सायकल डोक्यावर घेऊन येतो, तो. आन् एक, ज्यात काहीच होत नाय, नुसती म्हातारी खोली झाडती, पण काय झाडती!" सरांनी वहीत टिपून घेतलं. मला वाटलं, आता नापास.

तर तू ये. शीलाला कळव.

लीला


देवगाव रंगारी
२७ डिसेंबर

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

लीले,

शीलाला एक शब्द बोलशील तर बघ. तुझा कागद वाचून तिनंच माझी पिशवी भरून ठेवली. मी ती रिकामी केली. कंबर तिची धरली नाय, आन् शेळ्या एवढ्यात व्यायच्या नायत. तुला खोटं लिहिलं.

खरं वाच. मागं तुझ्याकडं आलते तवा मेघानं आपल्याला थेटरात नेलं होतं. कान तवाच गेल्यात जमा होते, मी कुणाला कळू दिलं नव्हतं. मधीच तू पाणी प्यायला बाहेर गेलीस. पडद्यावर एक बाप्या तोंड वाकडं करून हलत होता. मला वाटलं हसतोय. मी बी हसले, मोठ्यानं. लीले, त्याचं पोरगं मेलं होतं. समदं थेटर माझ्याकडं वळलं. पुढची बाई काय तरी बोलली. ते ऐकू नाय आलं, पण तिचं तोंड दिसलं. तू परत आलीस तवा मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं होतं.

तवापासून पिक्चर बंद. घरात टीव्ही लागला की मी शेरडांकडं जाते. शेरडं हसायचं-रडायचं विचारत नायत.

तू आता मोठ्या माणसांत बसणार. माझ्यापायी तुझी फजिती नको. पुन्हा बोलावू नको.

वच्छला


उस्मानपुरा
१ जानेवारी २०२५

वच्छे,

घर रिकामं हाय. धम्मपाल, रूपा, मेघा पहाटेच भीमा कोरेगावला गेले. माझा गुडघा गर्दीत टिकत नाय म्हणून मी राहिले, इथंच मेणबत्ती लावली आन् तुझा कागद घेऊन बसले. आधी रडले. मग तुझा राग आला. मग चहा केला. शीलाला माझा आशीर्वाद सांग आन् मी जे लिहिलं ते तिनं वाचलं, त्यापायी माझ्यावतीनं कान धर. माझेच.

आता माझं मन लावून वाच. गावच्या जत्रेतला टुरिंग टाकीजचा तंबू आठव. आमच्या वस्तीतल्या पोरींना पडद्यापुढं कोण बसू देत होतं? आम्ही पडद्याच्या पाठीमागं, मातीत. तुला पुढं सतरंजी होती, तुझी आई तिथं बसायची. तू दर खेपेला तिचा डोळा चुकवून मागं माझ्यापाशी यायचीस. आन् मागं काय होतं? डिझेलचं इंजन! धडधड धडधड. एक तरी शब्द ऐकू यायचा का? अगं, पिक्चर बघायला आपण शिकलो तेच बहिऱ्या होऊन. तू त्यांची तोंडं बघून बोलणं रचायचीस, "आता ती म्हणती, माझ्या बापाला इचार. आता तो म्हणतो, तुझा बाप लई खवीस हाय." मी तुझ्याकडं बघायचे का पडद्याकडं, तेच मला कळायचं नाय.

आन् मागून सगळं उलटं दिसायचं ते येगळंच. हीरो डाव्या हातानं जेवायचा, हीरोइन डाव्या हातानं कुंकू लावायची. आपण धरूनच चाललो होतो की शहरात तशीच रीत असती. लगीन होऊन मी इथं आले तवा पहिल्या पंगतीत सगळ्यांचे हात बघत बसले. सासू म्हणली, पोरगी जेवत का नाय? तुला बी आजवर सांगितलं नाय, तिला काय सांगणार!

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. मागल्या पावसाळ्यात तोच तंबूतला पिक्चर टीव्हीवर लागला. ऐकू येत असताना पहिल्यांदा बघितला. वच्छे, तो मिशीवाला, ज्याला आपण खडे मारले, तो हीरोइनचा सख्खा भाऊ निघाला! आन् तो गोड काका, ज्याच्यासाठी तू हुंदके दिलेस, तोच नालायक. मी मेघाला म्हणलं, बंद कर. वच्छीचा पिक्चर यापेक्षा चांगला होता.

आता ध्यान दे. महोत्सवातले पिक्चर परमुलखातले हायत. बोलणं त्यांच्या भाषेत, खाली इंग्लिश अक्षरं पळणार. मला त्यातलं काय कळणार? तुला ऐकू येत नाय, मला ऐकू येऊन कळत नाय. मी कुणाच्या भरवशावर परीक्षक व्हायचं? मेघा शेजारी बसून सांगंल, पण ती अक्षरं वाचून सांगंल. मला तोंडं वाचणारं माणूस पायजे. तू आली नायस तर मी नाव मागं घेते, आन् ही धमकी नाय, बन्सीभाऊंशी बोलून बी ठेवलंय.

तुझी लीली


देवगाव रंगारी
८ जानेवारी

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

लीले,

तो मिशीवाला भाऊ होता, हे मला पटत नाय. टीव्हीवाल्यांनी बदललं असंल.

सोमवारच्या एसटीनं येते. शीलानं पिशवी पुन्हा भरली, वरून दोरी बांधली.

पण एक कबूल कर. मी हळू बोलते का मोठ्यानं, माझं मला कळत नाय. थेटरात माझा आवाज चढला की माझा हात दाब. लगेच दाब. मी गप होईन.

वच्छला


उस्मानपुरा
२० जानेवारी

वच्छे,

जय भीम, जय भीम, जय भीम! तीनदा लिहिलं, कारण एकात मावत नाय. काल तुला एसटीत बसवून आले आन् घर खायला उठलं. तू समद्याला होतीसच, पण तुला जे ऐकू आलं नाय ते आता तुला दिलं पायजे. घे.

आधी पाप सांगते. तू दोनदा माझ्याकडं बघून विचारलंस, "आवाज मोठा होतोय का?" आन् मी मान हलवून नाय म्हणलं. खोटं! बर्फातला तो म्हातारा सुरू झाला, पाठीवर दार बांधून डोंगर चढायला लागला, आन् तू म्हणलीस, "ह्यो लेकीकडं निघालाय." वच्छे, ते समद्या थेटरनं ऐकलं. मागून "शूः" आलं. मी तुझा हात धरला होता, दाबायला बोटं वळवली बी. तेवढ्यात तू म्हणलीस, "लेकीनं मनानं लगीन केलं, तवा ह्येनं हेच दार तिच्या तोंडावर लावलं होतं. आता तेच उखडून तिला द्यायला चाललाय." आन् माझी बोटं जिथल्या तिथं राहिली. शूः करणारा बी गप झाला. मग ती बाई दारात उभी राहून त्याला आत घेईना, तवा तू तिच्या तोंडचं बोललीस, "आता आणलंस व्हय? थंडीत मी किती साल बिनदाराची राहिले, इचारलंस का?" मागच्या रांगेत कुणी तरी नाक शिंकरलं. मी हात दाबला नाय. पुढं बी दाबणार नव्हते. काय करायचं ते कर.

आता परीक्षकांच्या बंद खोलीतलं. तू बाहेर बाकावर शेंगा खात होतीस तवा आत भांडण पेटलं होतं. दोघांना तो खिडकीतल्या नवरा-बायकोचा पिक्चर पायजे होता. तोच, ज्यात दोघं तासभर खिडकीतून खाली बघतात आन् मला वाटलं त्यांची रिक्षा यायचीय. शिवशंकर सर म्हणले, "त्यांच्यातलं बोलणं संपलंय, लीलाबाई. ते दाखवायला धीर लागतो." खरं होतं ते, मी नाय म्हणणार नाय. दोघांना म्हातारा पायजे होता, त्यात बन्सीभाऊ. ते म्हणले, "मी जागा राहिलो. आणखी काय पुरावा पायजे?"

उरले मी. मी म्हणलं, म्हातारा. सर म्हणले, कारण सांगा. मी तुझी समदी गोष्ट सांगितली, दार, लेक, लगीन. सरांनी चष्मा काढला. हळूच म्हणले, "लीलाबाई, ती त्याची मुलगी नाही. खाली लिहून येत होतं. ती शेजारीण आहे. लढाईत गाव उठलं तेव्हा तिच्या पडक्या घराचं दार त्यानं जपून ठेवलं. ते द्यायला तो गेला. तिला नको आहे, कारण दार बघितलं की घर आठवतं."

बन्सीभाऊ म्हणले, "मग बाई, मत बदलायचं का?"

मी म्हणलं, "नाय. आज सकाळी मी भाकरी थापत होते तवा हा म्हातारा माझ्या ओट्यापाशी आला. दार घेऊनच आला, मला हलायला जागा राहिली नाय. लेकीकडं निघाला होता का शेजारणीकडं, ते मी त्याला विचारलं नाय. थकला होता, मी त्याला बस म्हणलं." सर हसले आन् म्हणले, "ठीक आहे. त्याला बसू द्या." झालं! तीन विरुद्ध दोन.

आता स्टेजवरचं. मला माईक दिला. मी लिहून नेलेलं समदं विसरले. म्हणलं, "आमचं बक्षीस दारवाल्या म्हाताऱ्याला. पण खरं सांगते, आम्हा दोघींना गोष्ट दुसरीच कळली. ती माझी मैत्रीण वच्छला, देवगाव रंगारीची, तिला ऐकू येत नाय, तिनं मला पिक्चर सांगितला." ती दिग्दर्शक बाई, बर्फाच्या मुलखातली, पांढऱ्या केसांची, तिला मेघा कानात इंग्लिश करून सांगत होती. बाई म्हणली, मला ती गोष्ट ऐकायचीय. म्हणून मी तुला हातानं खुणावलं, उठ, सांग.

तुझा आवाज कसा आला ते तुला कोण सांगणार? मीच सांगते. माईक नाय, काय नाय, शेरडं हाकून झालेला गळा, मागच्या भिंतीपर्यंत गेला. एक खुर्ची वाजली नाय. तुझं झाल्यावर बाईनं मेघाला काय तरी विचारलं आन् मेघानं तुझ्यापुढं येऊन खुणा केल्या, आठवतं? बाई विचारत होती, "मग मुलगी बापाला घरात घेते का? माझ्या पिक्चरमध्ये मी ते दाखवलं नाही, मलाच ठाऊक नाही."

आन् तू म्हणलीस, "घेती की! पण आधी च्या देत नाय. आधी लाकडं फोडायला लावती."

वच्छे, जे हसू फुटलं त्याला मी काय म्हणू! बन्सीभाऊ खुर्चीवरून घसरले. ती बाई हसत हसत खाली आली आन् तुझ्या गळ्यात पडली. तिच्या कानात तू जे म्हणलीस, "बाई, अंग लई गार हाय तुझं, काय तरी घाल," ते बी मेघानं तिला इंग्लिश करून सांगितलं. आन् बाई तुला काय म्हणली ते तुला कळलं नाय. ती म्हणली, "पुढचा पिक्चर या बाईच्या शेजारी बसून बघीन."

जाणकारांचं मोठं बक्षीस खिडकीवाल्यांना गेलं. जाऊ दे. त्यांना बी कुणी तरी घरी न्यायला पायजेच होतं.

हात दाबला नाय म्हणून रागावली असशील तर लिही. पण लिही.

तुझीच लीली


देवगाव रंगारी
२७ जानेवारी

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

लीले,

तू मला ऐकू न आलेलं दिलंस. तू स्टेजवर चष्मा काढून डोळे पुसत होतीस, तुला काय दिसलं नसंल. ते मी देते.

शिवशंकर सर उभे राहून टाळ्या वाजवत होते, सगळ्यांच्या आधी. आन् तुझी मेघा एका हातानं टाळी वाजवत होती, दुसऱ्या हातानं नाक पुसत होती. पहिल्या रांगेपासून दारापर्यंत समदे हात वर होते. मला आवाज नाय आला. पण पायाखालची फरशी हलली, ती तळव्याला कळली.

आता त्या हाताचं. तू दाबला नायस, हे मला तवाच कळलं होतं. पुढच्या रांगेतल्या दोन पोरींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मागं बी असंच वळले होते लोक. मी गप होणार होते. पण पडद्यावर ती बाई दारात उभी होती, तिच्या ओठावर शब्द आला होता, आन् मी नाय बोलले तर तो कोण बोलणार? म्हणून बोलले. त्या पोरी वळलेल्याच राहिल्या. थोड्या वेळानं कळलं, त्या पडद्याकडं बघतच नव्हत्या. माझ्याकडं बघून पिक्चर बघत होत्या.

ती शेजारीण होती म्हणतात सर. असंल. खाली लिहिणाऱ्याचं चुकलं असंल.

तुझा कागद मी शीलाकडून चावडीजवळच्या बायकांत मोठ्यानं वाचून घेतला. लाकडं फोडायच्या ठिकाणी दोनदा वाचायला लावलं. मनकर्णाबाई म्हणली, आमाला का नाय नेलं? तिला डोळ्यानं कमी दिसतं. मी म्हणलं, चल, तू ऐकायचं, मी बघायचं, मधी लीली बसंल.

तर शुक्रवारी आम्ही पाच जणी येतोय. शीला बी येती, शेरडं माझा पोरगा मुंजाबा बघंल. पिक्चर कुठला बी असू दे, बक्षीसवाला नसला तरी चालंल. समद्या एका रांगेत बसू, अशा सीटा धर. आन् मेघाला म्हणावं, शूः करणारा कुणी आला, तर त्याला आमच्या मधी बसव.

वच्छला